डागडुजीला हात घालण्याआधी

'घर पाहावं बांधून' असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने कुणी ही म्हण पाडली, त्याने जुनं घर दुरुस्त करून पाहिलेलं नसावं. नवं घर बांधताना निदान नकाशा असतो, मंजुरी असते, बँकेचा माणूस येऊन पाहून जातो. दुरुस्तीचं सगळं तोंडी असतं. होळी झाली की मिस्तरी येतो, भिंतीवर बोटाने टकटक करतो, मान हलवतो, एक आकडा सांगतो आणि दुसऱ्या दिवशी अंगणात वाळू पडते. कागद म्हणून काही असलंच तर वहीच्या पानावर लिहिलेला सिमेंटच्या गोण्यांचा हिशोब. घर आपलं, पैसे आपले, मग कुणाला विचारायचं, ही आपली सर्वसाधारण समजूत. ती किती अपुरी आहे, हे गेल्या दोन वर्षांत माझ्या आत्याच्या बडोद्याच्या घरामुळे मला जवळून पाहायला मिळालं. आपल्या नंदुरबार-नवापूर भागातल्या निम्म्या घरांची नाती सुरत-बडोद्याला आहेत. नवापूरच्या स्टेशनावर तर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तेव्हा हा विषय परका वाटण्याचं कारण नाही.

आत्याचं घर रावपुऱ्यातल्या एका गल्लीत, तांबेकर वाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. ज्यांनी हा वाडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात गायकवाडांचे दिवाण होते, त्यांचा हा लाकडी वाडा. आतल्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत, आणि आज ही वास्तू भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. आत्याचं घर त्याच जातीचं, पण सामान्य माणसाचं: लाकडी खांब, वर माडी, मागची भिंत शेजारच्या गुजराती कुटुंबाशी सामाईक. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि महिन्यातून एकदा येतो.

ऑगस्ट २०२४ मधला बडोद्याचा पूर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. त्या वेळी पाणी ३७ फुटांवर गेलं आणि शहराचा मोठा भाग दोन-तीन दिवस पाण्यात राहिला. आत्याच्या गल्लीत नदी आली नाही, पण पावसाने गटारं उलटी फिरली आणि तळमजल्यात गुडघाभर पाणी साचलं. ते ओसरलं तेव्हा वरच्या माडीची मागची भिंत पोटावर आलेली दिसली. आठवडाभरात सेवासदनची, म्हणजे महापालिकेची, नोटीस दारावर लागली: जर्जरित मकान, दुरुस्त करा नाहीतर उतरवून घ्या.

ही नोटीस ज्या कायद्याखाली येते तो आपल्याला परका नाही. १९४९ साली मुंबई प्रांताने महापालिकांसाठी एक कायदा केला. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तरी दोन्हीकडे तोच चालत राहिला. आज गुजरातेत त्याला गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणतात आणि आपल्याकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. कलम २६४ दोन्हीकडे सारखंच: पडायला आलेली इमारत मालकाने पाडावी, टेकू द्यावा किंवा दुरुस्त करावी, असं आयुक्त फर्मावू शकतात. धुळ्याच्या वाचकांना हेच कलम लागू आहे. नगरपालिकांच्या गावांसाठी १९६५ च्या कायद्यात अशीच तरतूद आहे. शिवाय महाराष्ट्रात महापालिका हद्दीतली इमारत तीस वर्षांची झाली की इंजिनिअरकडून तिची तपासणी करून घेण्याचं बंधन कलम २६५-अ ने मालकावर आणि राहणाऱ्यांवर घातलं आहे. किती जण ते पाळतात, हा प्रश्न विचारू नये हे बरं.

नोटीस आली की आपण चिडतो. ती कुणीतरी मुद्दाम लावली असा संशय घेतो, शेजाऱ्यावर डोळे वटारतो. आत्यानेही आधी तेच केलं. पण बडोद्याला या बाबतीत जुनी जखम आहे. २८ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे अटलादरा भागातल्या माधवनगरात दोन तीन-मजली इमारती कोसळल्या आणि ११ माणसं झोपेतच गेली. त्या इमारती जुन्याही नव्हत्या. असं काही घडून गेलेल्या गावात पालिकेने नोटीस लावली नाही तर लोक तिलाच जाब विचारतील.

नोटीस म्हणते दुरुस्त करा. ठीक. पण आत्याच्या घराला दुसराही एक कायदा लागू होता आणि तो गल्लीत कुणाच्या गावीही नव्हता. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंतचा परिसर प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटर नियंत्रित. ही रेषा पहिल्यांदा १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने आखली गेली आणि २०१० च्या दुरुस्तीने थेट कायद्यात आली. प्रतिबंधित भागात नवं बांधकाम करता येत नाही. पाडून पुन्हा बांधणं हेही त्यात आलं. मात्र जे घर १९९२ च्या त्या तारखेआधीपासून उभं आहे, त्याच्या मालकाला दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे आणि मग परत येतो. कायद्याने दिलेल्या मुदती जोडल्या तर तीन-साडेतीन महिने होतात. परवानगीशिवाय बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे एक खातं म्हणतं लगेच दुरुस्त करा आणि दुसरं म्हणतं विचारल्याशिवाय वीट हलवू नका. दोघंही आपापल्या जागी बरोबर! आत्याने पुण्याला फोन केला तेव्हा ती रडवेली झाली होती. "हे घर मी जाईपर्यंत उभं राहील ना, एवढंच सांग," म्हणाली. मुलाने मग सरळ मार्ग धरला. सेवासदनला लेखी कळवलं की पुरातत्त्वाच्या परवानगीसाठी अर्ज केला आहे, अर्जाची पोच सोबत जोडली आहे, तोवर इंजिनिअरच्या सल्ल्याने टेकू दिले आहेत आणि माडी रिकामी केली आहे. लोखंडी जॅक आणि बल्ल्यांवर ती भिंत पुढचे चार महिने उभी होती. पोचपावतीची ती दोन पानं नसती तर दंडाची दुसरी नोटीस आली असती, असं वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनानेच नंतर सांगितलं.

आपल्याकडे थाळनेरच्या थडग्यांजवळ, बळसाण्याच्या देवळांजवळ ज्यांची घरं आहेत त्यांनीही ही रेषा ध्यानात ठेवावी. कौलं बदलण्यासारख्या किरकोळ कामाचा बाऊ करू नये, पण भिंत काढून नवी उभारणार असाल तर आधी चौकशी करावी.

आता विम्याकडे वळू. आपल्या समाजात मुलाच्या शिक्षणाचा, स्वतःच्या आयुष्याचा विमा असतो, मोटारसायकलचा सक्तीने असतो, आणि ज्यात जन्माची कमाई घातली त्या घराचा नसतो. आत्याच्या घराचा होता तो केवळ आतेभावाने कर्ज काढताना बँकेने गळ्यात मारला म्हणून. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने सगळ्या कंपन्यांना घरासाठी एकाच नमुन्याची पॉलिसी ठेवायला लावली आहे, तिचं नाव भारत गृह रक्षा. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी त्याच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाणी घरात शिरणं, दरड, टाकी किंवा पाइप फुटणं, दंगल हे त्यात येतं. अशा संकटानंतर सात दिवसांच्या आत घरात चोरी झाली तर तीही येते. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, पण दहा लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण असतं. विम्याची रक्कम काढताना जागेची बाजारातली किंमत धरायची नसते, तेवढंच घर आज पुन्हा बांधायला काय लागेल ते धरायचं असतं. रावपुऱ्यात जमिनीला सोन्याचा भाव आहे, पण जमीन पुरात वाहून जात नाही.

आतेभावाने एक गोष्ट फार शहाणपणाने केली. पाणी ओसरताच शेजारच्या मुलाला फोन करून प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, भिजलेल्या गाद्यांचे आणि फ्रिजचे फोटो काढून घेतले, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत एकही वस्तू भंगारवाल्याला देऊ दिली नाही. आत्याला त्या कुबट गाद्यांचा वास सहन होईना. पण चौथ्या दिवशी सर्व्हेअर आला तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. तळमजल्याची फरशी, विजेचं वायरिंग, कपाटं, फ्रिज यांची भरपाई फारशी खळखळ न होता मंजूर झाली. माडीच्या भिंतीचे मात्र पैसे नाकारले. कारण असं दिलं की भिंत पुराने फुगलेली नाही, वर्षानुवर्षं पन्हाळीचं पाणी मुरून फुगली आहे.

इथे मला वाचकांचा राग ओढवून घ्यावा लागेल, कारण माझ्या मते सर्व्हेअरचं म्हणणं चूक नव्हतं. विमा हा अचानक आलेल्या संकटाचा असतो, हळूहळू होणाऱ्या झिजेचा नसतो. पन्हाळ फुटली आहे हे आत्याला सहा वर्षांपासून ठाऊक होतं आणि प्रत्येक पावसाळ्यात ती त्याखाली बादली ठेवत होती. बादली ठेवणं ही काही दुरुस्ती नव्हे. पण कंपनीने आणखी एक गोष्ट केली. या पॉलिसीत इंजिनिअर-आर्किटेक्टची फी दाव्याच्या पाच टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलवण्याचा खर्च दोन टक्क्यांपर्यंत अंगभूत मिळतो. ती रक्कम हिशोबात धरलीच नव्हती. आतेभावाने पॉलिसीतलं ते कलम उतरवून काढून कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी पैसे आले, कसलंही स्पष्टीकरण न देता. मागितलं म्हणून मिळालं.

पत्राला उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी विमा लोकपालाची होती. कंपनीकडे तक्रार करून महिना झाला, किंवा तिने नकार दिला, की एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येतं. फी नाही आणि वकीलही लागत नाही. नोव्हेंबर २०२३ पासून पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. गुजरातसाठी कार्यालय अहमदाबादला आहे, आपल्या जिल्ह्यासाठी पुण्याला. आतेभाऊ भिंतीच्या पैशांसाठी तिथे गेला नाही. त्यालाही ती बादली ठाऊक होती.

एक अडचण मात्र किरकोळ वाटली आणि तिने महिना खाल्ला. घराच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आत्याच्या यजमानांचंच नाव होतं. ते जाऊन अकरा वर्षं झाली होती. पॉलिसी मुलाच्या नावावर, घर दिवंगत वडिलांच्या नावावर. कंपनी विचारणारच की तुमचा या घराशी संबंध काय. वारसाचे दाखले, आत्याची संमती, बहिणीची संमती असं सगळं गोळा करावं लागलं. बहीण अमेरिकेत असल्यामुळे तिची संमती तिकडच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आली. आपल्याकडे किती घरांच्या उताऱ्यावर अजून आजोबा नांदताहेत हे मी सांगायला नको.

जानेवारी २०२५ मध्ये परवानगी आली. ठेकेदार ओळखीचाच होता. पहिल्याच दिवशी आत्याला म्हणाला, "बा, हे माझंच घर समजा, कागदाबिगदाची काय जरूर?" आत्या विरघळली होती. आतेभावाने मात्र दोन पानी करार करूनच कामाला सुरुवात केली. मी तो वाचला आहे. गुजरातीत आहे आणि शाळकरी मुलालाही समजेल इतका साधा. कोणती भिंत कुठून कुठपर्यंत, कोणत्या प्रतीचा माल, किती दिवस. इंजिनिअरच्या लेखी संमतीशिवाय एकाही खांबाला हात लावायचा नाही. शेजाऱ्याच्या बाजूला काही पडलं-मोडलं तर ठेकेदाराने भरून द्यायचं. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार आणि शेवटचे दहा टक्के पावसाळा पार पडल्यावर. मजुरांचा विमा ठेकेदाराने काढायचा आणि त्याची प्रत द्यायची.

खांबाची अट वाचून कुणाला वाटेल, जरा जास्तच झालं. मुंबईत घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले ते आठवा. तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप होता. दुरुस्ती करताना माणसाच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा हा स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचं २८८ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २९० वं आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणी दगावलं तर त्याहून मोठं कलम लागतं. इमारत पाडणाऱ्या, बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या अशा तिघांचाही उल्लेख या एकाच कलमात आहे.

मोहाचा एक क्षणही आला. ठेकेदार म्हणाला, एवीतेवी माल आलाच आहे, गच्चीवर एक खोली काढून टाकू, भाड्याने जाईल. पुरातत्त्वाच्या परवानगीत ती बसत नव्हती हे एक झालंच. शिवाय भारत गृह रक्षा पॉलिसीत असं आहे की घराचं चटईक्षेत्र दहा टक्क्यांहून जास्त वाढवलं आणि कंपनीला कळवून जादा हप्ता भरला नाही, तर त्या वाढीव बांधकामाला संरक्षण नाही. तसंच जमीन खचून नुकसान झालं, पण खचण्याचं कारण चालू असलेली पाडापाड, दुरुस्ती किंवा खोदकाम असेल, तर भरपाई नाही. म्हणजे नेमकी जेव्हा घराची हाडं उघडी असतात तेव्हाच हा विमा हात आखडता घेतो. मोठं काम असेल तर ठेकेदाराने त्या कामापुरता वेगळा विमा काढायचा असतो. शहरातल्या बांधकामांत तो असतो, आपल्या गल्लीतल्या कामांत त्याचं नावही कुणी ऐकलेलं नसतं.

आणि मग मार्चमध्ये एक मुलगा परांचीवरून पडला.

बडोद्याच्या बांधकामांवर कडिया, म्हणजे आपला गवंडी, बहुधा स्थानिक असतो. वाळू चाळणारे, विटा वाहणारे हात मात्र दाहोदचे, झाबुआचे आणि आपल्या धडगाव-अक्कलकुव्याचे. हा मुलगा धडगावकडचा, एकोणीस-वीस वर्षांचा. साधारण बारा फुटांवरून पडला आणि दोन्ही टाचांची हाडं मोडली. दवाखान्यात त्याला काय विचारताहेत ते समजेना, कारण तो पावरी बोलत होता. आत्याने मला फोन केला. माझ्या वर्गात त्या भागातली मुलं आहेत. त्यांच्यातल्या एकाने फोनवर दुभाष्याचं काम केलं. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी बसने बडोद्याला पोचले. एवढ्या मोठ्या शहरात आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो खर्चाचा नव्हता. पोरगा पुन्हा डोंगर चढेल का, असं त्यांनी विचारलं.

ठेकेदाराचा सूर तोवर बदलला होता. "घर बांचं आहे, त्यांच्या घरी पडला, त्यांनी बघावं." त्याने दाखवलेली विम्याची प्रत दुसऱ्याच साइटची निघाली, आणि तीही मुदत संपलेली.

कायदा इथे काय म्हणतो ते नीट समजून घ्यावं, कारण आपण यात दोन्ही बाजूंना उभे आहोत. आपल्या जिल्ह्यातली काही घरं दुरुस्ती काढतात आणि काही घरातली मुलं त्या परांचीवर उभी राहतात. तेव्हा १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा लागू होता. एका मजल्याहून उंच, किंवा जमिनीपासून छपराच्या टोकापर्यंत बारा फूट वा जास्त उंचीच्या इमारतीच्या दुरुस्तीवर असलेला मजूर त्यात येतो. रोजंदारीवरचा, चार दिवसांपुरता आलेला माणूस पूर्वी त्यातून सुटत असे. २००० सालच्या दुरुस्तीनंतर ती पळवाट राहिली नाही. भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची, म्हणजे ज्याने त्याला कामावर ठेवलं त्याची. काम ठेक्याने दिलं असेल तर तो ठेकेदार. काम देणाऱ्याकडे ही जबाबदारी तेव्हाच येते जेव्हा ते काम त्याच्या धंद्याचा भाग असतं, आणि स्वतःच्या राहत्या घराची भिंत हा आत्याचा धंदा नव्हता. पण याचा दुसरा अर्थही पाहा. तुम्ही नाक्यावरून दोन माणसं स्वतः आणली, रोज स्वतःच्या हाताने मजुरी दिली, तर तिथे ठेकेदार कुणीच नाही. मग मालक तुम्हीच. पैसे वाचवायला आपण सर्रास हेच करतो.

तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या पंचवीस टक्के आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, असा त्या कायद्याचा हिशोब होता. मजुरी जास्तीत जास्त पंधरा हजार धरायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा जाऊन त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. मजुराच्या अपघाताची भरपाई हा विषय तिच्यातही आहे.

आत्याने ऑपरेशनचे पैसे लगेच भरले. कायद्याने तिला बांधलं नव्हतं, पण पोरगा दवाखान्याच्या खाटेवर असताना कलमं वाचत बसणारी ती बाई नाही. आतेभावाने मात्र ठेकेदाराला लेखी कळवलं की करारातली विम्याची अट मोडली आहे, तेव्हा उपचाराचा खर्च आणि चार महिन्यांची भरपाई शेवटच्या दहा टक्क्यांतून वळती होईल. ती पुरत नसेल तर उरलेली ठेकेदाराने द्यावी. ठेकेदाराने पोलिसांची भाषा केली, मग नातेवाइकांची मध्यस्थी आणली, आणि शेवटी करारावरची स्वतःची सही पाहून गप्प झाला. दहा टक्के हातात नसते तर हे सगळं कामगार आयुक्तांकडे गेलं असतं आणि धडगावहून बडोद्याला तारखांना कोण जाणार होतं? ठेकेदाराच्या कामाबद्दल तक्रार असती तर ग्राहक आयोग होताच. घरबांधणी ही १९९३ पासून ग्राहक कायद्यात सेवा म्हणून धरली जाते, दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पण त्यालाही करार आणि पावत्या लागतात. रोखीने दिलेले आणि तोंडी ठरलेले पैसे आयोगासमोर सिद्ध करणं महाकठीण.

सामाईक भिंतीचं राहिलं. शेजारच्या काकींनी आधी अर्धा खर्च द्यायला साफ नकार दिला होता, त्यांच्या बाजूने भिंत गुळगुळीत दिसत होती म्हणून. इंजिनिअरने आतल्या बाजूचा गिलावा हातभर काढून दाखवला. आतली विट बोटाने उकरता येत होती. त्यानंतर त्यांनी तिसरा हिस्सा दिला, तोही लेखी, आणि काम चालू असताना दोन महिने आत्या त्यांच्याच घरी जेवत होती.

१९३१ साली बडोदा संस्थानाने 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' नावाचा कोश छापला. राज्यकारभारातल्या शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृतसह आठ भाषांतले प्रतिशब्द त्यात दिले आहेत. रयतेला कायदा आपल्या भाषेत कळावा ही त्यामागची दृष्टी. आज भारत गृह रक्षाची पॉलिसी आत्याच्या हातात पडते ती बारीक इंग्रजीत. तिने ती माझ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "यात माझ्या भिंतीबद्दल काय लिहिलंय तेवढं वाच." मी दोन संध्याकाळ बसून तिला मराठीत समजावून सांगितली. पन्हाळीचा मुद्दा आला तेव्हा ती काही बोलली नाही. गेल्या दिवाळीला गेले तर नवी जस्ताची पन्हाळ बसवलेली होती आणि ती जुनी बादली तुळशीखाली.

धडगावचा मुलगा आता चालतो. डोंगर चढतो, पण उतरताना टाच दुखते, असं त्याचे वडील सांगत होते. या हंगामात तो बडोद्याला गेला नाही. त्याचा धाकटा भाऊ गेला आहे. मुकादमाकडे विम्याचा कागद आहे का, हे विचारायला मी त्याच्या वडिलांना सांगितलं आहे. ते हो म्हणाले, पण विचारलं का ते अजून कळलेलं नाही.